म्हसावदला आयटी डिपार्टमेंट नसतं!

सोमवारची सकाळ. साडेदहाची मीटिंग, घड्याळात दहा पंचवीस आणि बॉसला रिपोर्टच्या सहा कॉप्या हव्यात. तुम्ही प्रिंट मारता. शांतता. पुन्हा मारता. आणखी शांतता. मग वैतागून लागोपाठ चार वेळा मारता. स्क्रीनच्या कोपऱ्यात एक शब्द उमटतो... ‘ऑफलाइन’!

यावर आपल्या शहरी ऑफिसातला तोडगा ठरलेला आहे. हेल्पडेस्कला फोन लावायचा, तिकीट टाकायचं आणि ‘माझं काम प्रिंटरमुळे अडलंय’ असं चारचौघांत जाहीर करून निवांत कॉफी मशीनकडे वळायचं. अर्ध्या तासाने गळ्यात आयडी कार्ड घातलेला कुणीतरी येतो, दोन मिनिटं काहीतरी खुडबूड करतो आणि प्रिंटर घरघरायला लागतो. त्याने नेमकं काय केलं, हे विचारायचं आपल्याला सुचत नाही. गरजच काय?

आता जरा सीन बदलू. समजा, तुम्ही बँकेची परीक्षा पास झालात. किंवा सरकारी नोकरी लागली. आणि पहिलीच ऑर्डर हातात पडली : म्हसावद.

‘म्हसवड का? साताऱ्याचं?’ नाही हो. ते माण तालुक्यातलं, सिद्धनाथाचं. ‘मग जळगावजवळचं? रेल्वे स्टेशन आहे ते?’ तेही नाही. ते म्हसावदच, पण वेगळं. आपलं म्हसावद नंदुरबार जिल्ह्यातलं, शहादा तालुक्यातलं. रेल्वेने नंदुरबार किंवा दोंडाईचा गाठायचं, तिथून एसटीने शहादा आणि मग सातपुड्याच्या दिशेने पुढे. तोरणमाळला ट्रेकला गेला असाल, तर या भागातून गेला असण्याची शक्यता आहे. बसमध्ये झोपला होतात, एवढंच!

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. २०११च्या जनगणनेनुसार इथली जवळपास ७० टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची. म्हणजे इथे कागदाला वजन फार. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, सातबारा, बँकेचं स्टेटमेंट... कॉलेजची अ‍ॅडमिशन, होस्टेल, स्कॉलरशिप, पीककर्ज यातलं बरंच काही या कागदांवर अडतं आणि सुटतं.

डिजिटल इंडियाची एक गंमत सांगते. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी दिलं गेलं, ते याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात. डिजिटल सहीचा सातबारा महाराष्ट्रात २०१८ पासून ऑनलाइन मिळतो. दाखल्यांसारख्या सेवा ठरलेल्या मुदतीत मिळाव्यात म्हणून २०१५ सालचा लोकसेवा हक्क कायदा आहे. सगळं खरं. पण या सगळ्या डिजिटल प्रवासाचा शेवटचा स्टॉप कोणता? तर टेबलाच्या कोपऱ्यातला, धूळ खात बसलेला प्रिंटर. सर्व्हर चालू, वेबसाइट चालू, दाखला मंजूर, सही झालेली... आणि प्रिंटर ऑफलाइन!

शहरात प्रिंटर बंद पडला तर मीटिंग दहा मिनिटं पुढे जाते. म्हसावदला समोर डोंगरातल्या पाड्यावरून आलेला माणूस बसलेला असतो. त्याने आजची मजुरी सोडलेली असते, गाडीभाडं भरलेलं असतं आणि परतीची शेवटची गाडी त्याच्यासाठी थांबणार नसते. ‘उद्या या’ हे आपल्यासाठी दोन शब्द. त्याच्यासाठी आणखी एक रोज बुडाला. पोराच्या अ‍ॅडमिशनची आज शेवटची तारीख असेल, तर मग बोलायलाच नको.

आणि तिथे खाली बेसमेंटमध्ये आयटी डिपार्टमेंट नसतं. शहाद्याहून ‘कॉम्प्युटरवाले भाऊ’ येतील, पण येतील तेव्हा. तोवर आयटी डिपार्टमेंट म्हणजे तुम्हीच. म्हणून मंडळी, आजचा फंडा असा : प्रिंटर दुरुस्त करायला शिका, पण म्हसावदला पोस्टिंग झाल्यासारखं शिका!

घाबरू नका, स्क्रू ड्रायव्हर लागणार नाही. कारण नेटवर्क प्रिंटरच्या बाबतीत बहुतेक वेळा मशीन बिघडलेलंच नसतं. बिघडलेला असतो तो पत्ता.

पत्ता चुकला की...

वर ‘म्हसावद’वरून झाला तो घोळ आठवा. नाव सारखं, गावं निराळी. असे घोळ आपल्या टपाल खात्याने वर्षानुवर्षं सोसले. सारखी नावं, वेगवेगळ्या लिप्या, अर्धवट पत्ते. त्यावर उपाय काढला तो एका मराठी माणसाने. श्रीराम भिकाजी वेलणकर. संस्कृतचे पंडित आणि केंद्राच्या दळणवळण खात्यातले अधिकारी. त्यांची सहा आकडी पिन कोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. पहिला आकडा देशातला विभाग सांगतो, पुढचे आकडे जागा बारीक बारीक करत नेतात आणि शेवटचे तीन थेट पोस्ट ऑफिसवर नेऊन सोडतात.

तुमच्या ऑफिसातल्या नेटवर्कचं गणित याच घराण्यातलं. प्रत्येक कॉम्प्युटर, प्रत्येक मोबाइल आणि प्रिंटरलाही चार तुकड्यांचा एक आयपी अ‍ॅड्रेस असतो. उदाहरणार्थ १९२.१६८.१.५०. लहान ऑफिसात साधारणपणे पहिले तीन तुकडे सगळ्यांचे सारखे, म्हणजे गाव एकच. शेवटचा तुकडा प्रत्येकाचा वेगळा, तो घर नंबर. कॉम्प्युटर तुमचं पान या पत्त्यावर पाठवतो.

मग हा पत्ता बदलतो कसा? तो वाटणारा असतो राउटर. लॉजच्या मॅनेजरसारखा. जो येईल त्याला रिकामी खोली देतो, तीही ठरावीक मुदतीसाठी. वीज जाते, येते. राउटर, प्रिंटर, कॉम्प्युटर सगळे पुन्हा सुरू होतात आणि खोल्यांचं वाटप नव्याने होऊ शकतं. काल ५० नंबरमध्ये असलेला प्रिंटर आज ५३मध्ये. तुमचा कॉम्प्युटर मात्र अजून ५०चंच दार वाजवतोय. आतून उत्तर नाही. मग तो जाहीर करतो : ऑफलाइन! प्रिंटर तिकडे ठणठणीत, हिरवा दिवा लावून वाट बघत बसलाय.

हे एकदा डोक्यात बसलं की निम्मी लढाई जिंकली.

जवळून लांब जा

आपली सवय काय? प्रिंट आली नाही की सगळीकडे एकदम हात घालायचा. ड्रायव्हर उडवला, केबल उपसली, राउटर रीसेट केला. मग नक्की कशाने बिघडलं आणि कशाने सुधारलं, काहीच कळत नाही. आणि राउटर ‘रीसेट’ केला तर इंटरनेटची सेटिंगही जाते, हे वेगळंच टेन्शन. (बंद करून चालू करणं म्हणजे रीस्टार्ट. मागच्या छोट्या भोकात पिन खुपसणं म्हणजे रीसेट. दुसरं करायचं नाही!) एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रिंटरपासून सुरुवात करा.

पहिलं : प्रिंटर स्वतः बरा आहे का? कॉम्प्युटर विसरा, प्रिंटरसमोर उभे राहा. कागद आहे? अडकलाय? झाकण नीट बसलंय? मग प्रिंटरच्याच मेनूतून कॉन्फिगरेशन पेज किंवा नेटवर्क रिपोर्ट काढा. छोट्या स्क्रीनवर ‘सेटिंग्ज’ किंवा ‘नेटवर्क’मध्ये हा पर्याय असतो. स्क्रीन नसेल तर बऱ्याच मॉडेलमध्ये एखादं बटण काही सेकंद दाबून धरावं लागतं. कोणतं, ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. हे पान निघालं की दोन फायदे. एक, कागद, टोनर आणि मशीन ठीक आहे, याची खात्री. दोन, त्या पानावर आजचा आयपी अ‍ॅड्रेस छापलेला असतो.

दुसरं : पत्ता खरा आहे का? पानावरचा पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल, किंवा नुसतीच शून्यं असतील, तर समजा की प्रिंटरला राउटर भेटलेलाच नाही. मॅनेजर सापडला नाही म्हणून पाहुण्याने स्वतःच कुठल्यातरी दारावर पाटी ठोकली, असा प्रकार. इथे ड्रायव्हरशी खेळून काही उपयोग नाही. केबल दोन्ही टोकांना नीट बसली आहे का, सॉकेटजवळचे बारके दिवे लुकलुकतात का, ते बघा. दुसरी केबल लावून पाहा. वाय-फाय असेल तर पासवर्ड बदलला का? नवा राउटर आला का? तसं असेल तर प्रिंटर बिचारा जुन्याच नावाचं वाय-फाय शोधत बसलेला असतो. आणखी एक, बऱ्याच प्रिंटरना फक्त २.४ गिगाहर्ट्‌झचं वाय-फाय दिसतं, ५चं दिसतच नाही.

तिसरं : दोघं एकाच गावात आहेत का? प्रिंटर १९२.१६८.१ मध्ये आणि तुमचा लॅपटॉप १९२.१६८.० मध्ये असेल, तर बहुधा दोघं वेगवेगळ्या राउटरवर आहेत. पाहुण्यांसाठीच्या ‘गेस्ट’ वाय-फायवर बसला असाल, तरी सहसा प्रिंटर सापडत नाही. ते मुद्दामच तसं केलेलं असतं.

चौथं : हाक मारून बघा. विंडोजचं बटण आणि ‘आर’ एकत्र दाबा, ‘सीएमडी’ टाइप करून एन्टर. काळी खिडकी उघडली की ‘पिंग’, मग एक स्पेस आणि कॉन्फिगरेशन पानावरचा पत्ता. प्रिंटरच्या पत्त्यावरून ‘रिप्लाय’ आला तर रस्ता मोकळा आहे. ‘टाइम्ड आउट’ आलं तर रस्त्यात कुठेतरी अडलंय. एक चकवा इथे आहे. कधीकधी ‘रिप्लाय’ तर येतो, पण पत्ता तुमच्याच कॉम्प्युटरचा असतो आणि पुढे ‘अनरीचेबल’ लिहिलेलं असतं. म्हणजे उत्तर प्रिंटरने दिलेलं नाही, तुमच्याच मशीनने ‘घरात कुणी नाही’ असा निरोप दिलाय. ओळ शेवटपर्यंत वाचा!

पाचवं : कॉम्प्युटरच्या वहीत कोणता पत्ता आहे? पिंग होतंय तरी प्रिंट नाही? मग ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’मध्ये ‘पोर्ट्स’ नावाचा टॅब उघडा. टिकमार्क असलेल्या ओळीतला पत्ता आणि तुमच्या हातातल्या पानावरचा पत्ता जुळतो का? नसेल तर चोर सापडला. ‘अ‍ॅड पोर्ट’मधून ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’ निवडा, नवा पत्ता घाला, टेस्ट पेज काढा. घर्रर्र... हुश्श!

पत्ता जुळतोय आणि तरीही ‘ऑफलाइन’ दिसतंय? त्याच पोर्टच्या ‘कॉन्फिगर’मध्ये ‘एसएनएमपी स्टेटस’ची टिक असते. कॉम्प्युटर या मार्गाने प्रिंटरची खुशाली विचारतो. ठीक उत्तर आलं नाही, की धडधाकट प्रिंटरलाही आजारी ठरवतो. ती टिक काढून बघा. आणि प्रिंटरच्या रांगेच्या खिडकीत ‘यूज प्रिंटर ऑफलाइन’वर कुणी चुकून टिक केली नाही ना, तेही बघा. नव्या विंडोजमध्ये ही ओळ सापडेलच असं नाही.

रांगेतला एक अडेलतट्टू

कधी पत्ता बरोबर असतो, पण रांगच हलत नाही. तुम्ही वैतागून सहा वेळा प्रिंट मारली होती, आठवतंय? त्या सहाही प्रिंट ‘स्पूलर’ नावाच्या प्रोग्रॅमकडे रांगेत उभ्या आहेत. सगळ्यात पुढची अडकली, की मागच्या सगळ्या तिष्ठत बसतात. तिकीट खिडकीवर एकाने सुट्ट्या पैशांवरून वाद घातला की मागची अख्खी रांग खोळंबते, तसंच.

आधी रांगेतल्या सगळ्या प्रिंट कॅन्सल करा. नाहीच गेल्या तर ‘सर्व्हिसेस’मध्ये जाऊन ‘प्रिंट स्पूलर’ रीस्टार्ट करा. तरी एखादी चिकटून बसली, तर स्पूलर थांबवायचा, विंडोजच्या ‘सिस्टिम ३२’मधल्या ‘स्पूल’ फोल्डरमध्ये ‘प्रिंटर्स’ नावाचं फोल्डर असतं, त्यातल्या फायली पुसायच्या आणि स्पूलर परत सुरू करायचा. रांगेतल्या सगळ्यांच्याच प्रिंट जातील, म्हणून आधी ऑफिसात एक आरोळी ठोका!

आणखी दोन छोट्या गमती. विंडोज १० पासून ‘डिफॉल्ट प्रिंटर मी ठरवतो’ असा आगाऊपणा विंडोजच करू शकतं. मग दाखला प्रिंटरऐवजी पीडीएफमध्ये जातो. सेटिंगमध्ये ते बंद करता येतं. दुसरी गंमत कागदाच्या मापाची. अमेरिकन ‘लेटर’ साइज २१६ बाय २७९ मिलिमीटर, आपला ए-फोर २१० बाय २९७. फाइल ‘लेटर’मध्ये असेल, तर काही प्रिंटर ‘लेटर’ कागदाची वाट बघत दिवा लुकलुकवत बसतात. १९९९चा ‘ऑफिस स्पेस’ हा हॉलिवूडपट पाहिलाय? त्यातला प्रिंटर असाच एक गूढ मेसेज देत राहतो आणि पोरं त्याला शेवटी माळरानावर नेऊन बॅटने फोडतात. आपण पेज सेटअपमध्ये ए-फोर करायचं. बॅटपेक्षा स्वस्त पडतं!

‘मेन’ कॉम्प्युटरची मक्तेदारी

लहान ऑफिसात प्रिंटर बऱ्याचदा नेटवर्कवर नसतोच. तो एका कॉम्प्युटरला यूएसबीने जोडलेला असतो आणि बाकीच्यांना ‘शेअर’ केलेला. मग ज्याचा तो कॉम्प्युटर, तो रजेवर गेला की सगळ्यांच्या प्रिंट रजेवर! २०२१मध्ये विंडोजच्या याच स्पूलरमध्ये ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाची मोठी सुरक्षेची भगदाडं सापडली. त्या वर्षी जी दुरुस्तीची अपडेट्स आली, त्यानंतर कित्येक ऑफिसांतली शेअर केलेली प्रिंटिंग ठप्प झाली. जुगाड म्हणून लोकांनी अपडेट्स काढून टाकली. तुम्ही तसं करू नका. बँकेची किंवा दाखल्यांची माहिती असलेल्या मशीनवर दार उघडं ठेवण्यासारखं आहे ते. प्रिंटरला नेटवर्कचं सॉकेट किंवा वाय-फाय असेल तर तो सरळ राउटरला जोडा. मक्तेदारी संपली.

कायमचा इलाज

पत्ता पुन्हा बदलू नये, यासाठी राउटरच्या सेटिंगमध्ये ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’ असतं. प्रत्येक प्रिंटरला कारखान्यातूनच एक बारा अक्षरी मॅक अ‍ॅड्रेस मिळालेला असतो. तो त्याचा आधार नंबर समजा. घर बदललं तरी हा बदलत नाही. राउटरला एकदा सांगून ठेवायचं, ‘हा नंबरवाला आला की याला ५०चीच खोली द्यायची.’ झालं! केबलचा आणि वाय-फायचा मॅक अ‍ॅड्रेस वेगवेगळा असतो, जे कनेक्शन वापरता त्याचाच घाला. प्रिंटरमध्ये हाताने पक्का पत्ता टाकायचा मार्गही आहे, पण राउटर ज्या आकड्यांतून वाटप करतो त्याबाहेरचा आकडा निवडा. नाहीतर एका खोलीत दोन पाहुणे आणि दररोज भांडण.

एवढं करूनही प्रिंटर एखाद्या दिवशी रुसणारच. त्या दिवसासाठी ड्रॉवरमध्ये एक यूएसबी केबल ठेवा. नेटवर्क गेलं खड्ड्यात, सरळ केबल लावा, समोरच्या माणसाचा कागद त्याच्या हातात द्या. तो गेल्यावर मग शोधा काय बिघडलं ते. लोकांचे दाखले आणि आधारची कॉपी समोरच्या झेरॉक्सवाल्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून मोकळं होण्याचा मोह टाळा. कागद त्यांचा, माहितीही त्यांचीच.

माहिती कुणाच्या खिशात?

शेवटी एक खरी गोष्ट. १९८०च्या सुमाराची. अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा प्रोग्रॅमर होता. तिथला प्रिंटर सारखा अडकायचा आणि लोकांना पत्ताच नसायचा. त्याने प्रोग्रॅममध्ये बदल केला, कागद अडकला की ज्यांची प्रिंट खोळंबली आहे त्यांना स्क्रीनवर निरोप जायचा. मग कुणीतरी उठून कागद सोडवायचा. पुढे झेरॉक्स कंपनीचा नवा लेझर प्रिंटर आला, पण त्याच्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड द्यायला नकार मिळाला. दुरुस्ती करता येणारा माणूस समोर होता, माहिती मात्र कुलपात. ही चीड त्याच्या मनात राहिली. १९८३मध्ये त्याने ‘जीएनयू’ हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला, त्यामागच्या कारणांत हा प्रिंटरचा किस्सा तो स्वतः सांगत आलाय.

आपल्या ऑफिसातही हेच चालतं, फक्त लहान प्रमाणावर. राउटरचा पासवर्ड एकाच माणसाला ठाऊक. प्रिंटरचा पत्ता ‘त्या भाऊंच्या’ डायरीत. ते भाऊ लग्नाला गेले की ऑफिस बंद. यात कुणाचा दुष्टपणा नसतो, कुणी लिहून ठेवलेलं नसतं इतकंच. आणि त्याची किंमत काउंटरच्या पलीकडे बसलेला माणूस मोजतो. त्याला आयपीही माहीत नसतो आणि स्पूलरही. त्याला फक्त ‘मशीन बंद आहे’ एवढंच ऐकू येतं.

म्हणून पोस्टिंग म्हसावदला असो की मगरपट्ट्याला, आज ऑफिसला गेलात की एक काम करा. कॉन्फिगरेशन पेज काढा. त्यावरचा पत्ता, मॅक नंबर आणि प्रिंटरचं मॉडेल एका स्टिकरवर ठळक अक्षरांत लिहा आणि प्रिंटरच्या कपाळावर चिकटवा. राउटरचा पासवर्ड मात्र तिथे नको. तो पाकिटात घालून जबाबदार अशा दोन माणसांकडे द्या. शेजारच्या टेबलवरच्या ताईला, नव्याने लागलेल्या पोराला या पाच पायऱ्या एकदा करून दाखवा. दहा मिनिटांचं काम आहे.

त्यानंतर तुम्ही खुशाल रजेवर जा. फोन येणार नाही!